बरं होणारं जनावर, घरची बाग आणि सुट्टीचे दोन दिवस : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

विजापूर रोड

आमची मैना देशी कुत्री, वय आठच्या आसपास. गेल्या आठवड्यात तिच्या गर्भाशयात पू झाल्याचं कळलं आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून गर्भाशय काढावं लागलं. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या कुत्र्यांमध्ये हा आजार बऱ्याच वेळा होतो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत कुत्री भराभर पाणी प्यायला लागली, मलूल झाली, खाणं टाकलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पू बाहेर दिसेलच असं नसतं, आतल्या आत साठत राहतो.

आता ती घरी आहे. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, उड्या नाहीत, जिना नाही आणि टाके चाटू द्यायचे नाहीत. अडचण अशी की आमची सगळी बाग गच्चीवर, आणि सकाळी माझ्याआधी तिथे मैना पोचलेली असते. तिला खाली ठेवून मी वर गेले तर ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून रडणार. म्हणून या शनिवारी बागच खाली आणली. मोगऱ्याच्या कुंड्या, कढीपत्ता, दोन गुलाब, मातीचं घमेलं, शेणखताचं पोतं, सगळं पोर्चमध्ये मांडलं. फेब्रुवारी संपत आलाय, मोगऱ्याची छाटणी आणि माती बदलणं आता झालं नाही तर मार्चपासून कळ्या कुठून येणार?

या दोन दिवसांत एक गोष्ट नीट बघायला मिळाली. मी तिच्याजवळ नुसती बसून तिच्याकडे बघत राहिले की ती झोपत नाही. कान मागे घेते, ओठ चाटते, उठायला बघते. मी खुरपं घेऊन कुंडीशी बसले, तिच्याकडे पाठ केली, की पाच मिनिटांत हनुवटी पंजावर टेकवते आणि घोरायला लागते. आपण आपल्या नेहमीच्या कामाला लागलो की तिच्या लेखी घरात सगळं ठीक असतं. मी मात्र कामातूनच तिच्यावर लक्ष ठेवते. उठताना मागचे पाय थरथरतात का, किती वेळाने कूस बदलते, गळ्यातला प्लॅस्टिकचा शंकू टाक्यांपर्यंत पोचू देतो का. काल त्या शंकूची कड कुंडीला घासून खर्रकन आवाज झाला आणि ती दचकली. म्हणून कुंड्या भिंतीकडे सरकवून तिच्यासाठी रुंद वाट केली. टाके सकाळ-संध्याकाळ बघते. कोरडे आणि फिकट गुलाबी असले की पुरे. सूज, ओल, वास यातलं काहीही आलं तर फोन.

तुमच्याकडे असं कुणी आजारातून उठत असताना घरात आणि बागेत काय केलंत, काय उपयोगी पडलं, बागेत काय बदलावं लागलं, ते लिहा. कुत्रं-मांजरच पाहिजे असं काही नाही.

जुळे सोलापूर

आमचा गुंड्या बोका आहे. दिवाळीनंतर त्याची लघवी अडली. सारखा कुंडीतल्या मातीत जाऊन बसायचा, जोर करायचा आणि थेंबही पडायचा नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की २४ ते ४८ तासांत जिवावर बेततं. बद्धकोष्ठ असेल म्हणून घरगुती उपाय करत बसणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. बोका जोर करतोय आणि काही येत नाही, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचे.

नळी घालून मोकळं केलं, सलाईन लागलं, आणि घरी आल्यावर डॉक्टरांचं मुख्य सांगणं एकच होतं: पाणी वाढवा. मांजराला पाणी प्यायला लावणं काय असतं ते मांजर पाळणाऱ्यालाच माहीत! वाटीतल्या पाण्याकडे गुंड्या ढुंकून बघत नव्हता. पण बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी चाटायला त्याला फार आवडायचं, आणि त्यात तर खताचं निथळलेलं पाणी. त्या शनिवारी सगळ्या ताटल्या काढून टाकल्या आणि त्याच जागी मातीच्या पसरट वाट्या ठेवल्या, स्वच्छ पाण्याच्या. एक तुळशीच्या मागे, एक जास्वंदीखाली, एक पायपुसण्याजवळ. आता तो बाल्कनीत चक्कर मारताना प्रत्येक वाटीला तोंड लावतो. मातीच्या वाटीतलं पाणी गार राहतं, तेही कारण असेल. शिवाय ओलं खाणं आणि त्यात वर आणखी दोन चमचे पाणी.

बोअरचं पाणी त्याला देत नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने कुंड्यांच्या काठाला पांढरा थर धरतो, झाडांचे शेंडे करपतात. नळाला उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यातलं एक कळशी गुंड्याची म्हणून बाजूला काढलेली असते. सासूबाई आधी वैतागल्या, आता त्याच आठवण करतात, "गुंडोपंतांचं पाणी भरलंस का गं?"

आणि गुच्छात येते ती मोठ्या पाकळ्यांची लिली मांजराच्या घरात आणू नका. पानं, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. कुरतडायला काहीतरी हवंच असतं त्यांना, तर गहू पेरा. लहान कुंडीत मूठभर गहू टाकले की आठवड्यात हिरवंगार.

पूर्व भाग

मी यंत्रमागावर काम करून आता घरी बसलोय. नातवंडं मला ताता म्हणतात, आणि आमच्या राजाला मामा म्हणतात. राजा म्हातारा कुत्रा, बारा वर्षांच्या पुढं. श्रावणात त्याच्या नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट लई खाली. गोचीडताप. डॉक्टरनी डॉक्सीसायक्लिन चालू केली, चार आठवडे, जेवणानंतर. दुसऱ्याच आठवड्यात कुत्रं हिंडायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, तसं करू नका असं त्यांनी बजावून सांगितलेलं. आम्ही पूर्ण केल्या.

औषध पोटात जातंय पण गोचीड घरात आहे, मग काय उपयोग? हे मला डॉक्टरनी समजावलं तेव्हा पटलं. आपण कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड वेचतो. मादी रक्त पिऊन टम्म झाली की अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालते, ती हजारांच्या घरात. आमच्या मागच्या बोळात जुनी दगडी भिंत, तिला लागून अंबाडीचा वाफा आणि विटा रचून केलेला कुंड्यांचा कट्टा. गोचीडाला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली?

शनिवारी पोरगा कामावरनं लवकर आला, रविवार तर सुट्टीच. दोघांनी मिळून कट्टा उतरवला. वीट न् वीट उलटी करून उन्हात टाकली. विटांच्या खालच्या अंगाला, जिथं ओल राहते तिथं, तांबड्या मोहरीसारखे ठिपके चिकटलेले, आणि ते हलत होते. बायको म्हणाली, "अय्यो, एवढे?" भिंतीच्या फटी सिमेंटनं भरल्या, उरलेल्या ठिकाणी डॉक्टरनी लिहून दिलेलं औषध मारलं, ते वाळेपर्यंत राजाला पुढच्या खोलीत ठेवलं. वाफा भिंतीपासून हातभर सरकवला. अंबाडी मोडायची नाही असं घरातलं सांगणं होतं, कारण आमच्याकडं गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी नसली तर जेवण झालंच नाही. ती मुळासकट मातीचा गोळा धरून उचलली आणि दुसरीकडं लावली. दोन रोपं गेली, बाकी धरली.

राजा दारातनं सगळं बघत होता. खात नव्हता तेव्हा त्याला ज्वारीची भाकरी कोंबडीच्या पाण्यात कुस्करून द्यायचो, कांदा-लसूण न घालता. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि याचं रक्त तर आधीच कमी झालेलं. त्या रविवारी दुपारी तो आपणहून उठून बोळात आला, नव्या वाफ्याशी उभा राहिला. मी म्हटलं, "काय करलालास बे, वास घ्यायलास?" तर त्यानं तिथंच पाय वर केला. नातवंडं टाळ्या पिटायला लागली. पाय वर करायची ताकद आली म्हणजे काय ते आजारी कुत्रं सांभाळलेल्या माणसाला कळंल.

तेव्हापासून दर अमावस्येला विटा उलट्या करून ऊन देतो.

केगाव

आमची उस्मानाबादी शेळी, चिंगी. पाय मोडला होता, प्लॅस्टर घातलेलं. शेळीला विश्रांती दे म्हणणं सोपं आहे, ती दोरी तोडून डाळिंबाकडे निघते. आमच्या घरामागे भगव्या डाळिंबाची थोडी झाडं आहेत. (डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्याच केगावात आहे, त्यामुळे इथे घरटी एक तरी झाड दिसेल. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.) झाडांच्या बुडातून फुटवे येतच असतात आणि ते काढावेच लागतात, नाहीतर झाडाची शक्ती तिकडे जाते. सुट्टीला मी फुटवे काढत बसायचो आणि एकेक डहाळी तिच्यापुढे टाकायचो. एका जागी बसून ती खात राहायची, पायावर भार येत नव्हता, माझं काम होत होतं. त्या दिवसांत झाडांवर कसलीही फवारणी केली नाही, कारण पाला तिच्या पोटात जाणार होता.

बसून असलेल्या शेळीला जास्तीचं धान्य घालू नका. लाडाने गहू-ज्वारी ओतली की पोटात आम्ल होऊन शेळी जाते. कोवळी ज्वारीही नको, त्यात विष असतं, पाण्याचा ताण पडलेल्या पिकात तर जास्त. कुंपणाची कण्हेर तर शेळी, गाय, कुत्रं, सगळ्यांनाच घातक. चिंगी पोहोचेल तिथली आम्ही काढून टाकली.

मोहोळकडून

शेतकऱ्याला शनिवार-रविवार नसतो, पण पुण्याला असलेला मुलगा सुट्टीला येतो म्हणून लिहितो. २०२२ साली आमच्या खिलार खोंडाला लंपी झाला. बैलबाजार बंद, गावात चार-दोन जनावरं गेलेली. ताप, अंगभर गाठी, पुढचे पाय सुजलेले, मान खाली. गाठी फुटल्यावर जखमांत माशी बसू न देणं हेच मोठं काम. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड पसरवतात, त्यामुळे गोठ्यात ओल नको आणि अडगळ नको.

गोठ्याला लागून परसबाग आहे, दोडका, कारली, शेपू, घरापुरतं. सांडपाणी तिथे सोडलेलं असायचं, डास तिथेच. मुलाने दोन दिवस राबून पाट बदलला, पाणी लांब केळीकडे नेलं, डबकं बुजवलं. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू होतीच, जोडीला विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ वाटून त्याचा गोळा चारत होतो. मुलगा जखमा धुवायचा तेव्हा खोंड त्याच्या खांद्यावर तोंड टेकवून उभा राहायचा, एरवी अंगाला हात लावू द्यायचा नाही. चट्टे अजून आहेत अंगावर. पण औताला चालतो.

होटगी रोड

मी दवाखान्यात, म्हणजे माणसांच्या, नर्स आहे. आमचा लॅब्रॅडॉर शेरू गेल्या मे महिन्यात उष्माघातातून वाचला. सोलापूरचं ४३-४४ अंशांचं ऊन जाड केसांच्या जनावराला काय करतं ते तेव्हा बघितलं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यासाठी जो ताप तो त्याचा रोजचाच, हे आधी डोक्यात बसवा. शेरूचा पारा १०६ च्या वर गेला होता. साधं नळाचं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओतत, पंखा लावून गाडीतून नेलं. 

घरी आणल्यानंतरच्या सुट्टीत मी वॉर्डातली सवय घरी लावली. कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचं: ताप किती, पाणी किती प्यायला, लघवी किती वेळा आणि रंग कसा, काय खाल्लं, शी कशी. हिरड्या बोटाने दाबायच्या, पांढरा ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी झाला पाहिजे. "बरा वाटतोय" याने डॉक्टरांना काही कळत नाही, हे आकडे सांगितले की कळतं. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं, शेवटी बाबासुद्धा चष्मा लावून लिहायला लागले.

बाग म्हणजे आमचं पुढचं अंगण. हिरवी शेडनेट आधी झाडांसाठी लावली होती, कोथिंबीर-पालकासाठी. ती पुढे ओढून शेरूच्या जागेवरही घेतली. झाडांना पाणी पहाटे सहाच्या आत, आणि त्याच वेळी त्याच्या जागेची फरशी भिजवायची. कुंड्यांच्या मातीवर वाळलेला पाला आणि नारळाच्या शेंड्या पसरल्या, त्याने पाणी टिकतं, आणि आपल्याकडे पाणी जपून वापरावं लागतं हे काय सांगायचं. जुनी सोलापुरी चादर ओली करून पिळून त्याच्याखाली घालायचो. नवीन घेऊ नका, धुतलेली जुनीच पाणी चांगलं धरते.

दोन गोष्टी जीव तोडून सांगते. तुमच्या कपाटातली दुखण्या-तापाची गोळी जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते. आणि खताच्या पिशवीवरची अक्षरं वाचा. आम्हाला 'सेंद्रिय मिश्रण' म्हणून दिलेल्या पिशवीत एरंडीची पेंड होती. बाबांनी दुकानातच वाचलं आणि परत केली. कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि तिच्यातलं रायसिन नावाचं विष जीवघेणं असतं. निंबोळी पेंड घ्या, ती कडू असते, सहसा कुत्री तोंड लावत नाहीत. हाडांचं खतही आजारी कुत्र्याच्या घरात नको, माती उकरून खातात आणि पोट बिघडतं.

रेल्वे लाईन्स

मी कॉलेजला आहे, भाड्याच्या घरात राहतो. घरमालकीण काकूंच्या अंगणात आम्ही सगळे मिळून झाडं लावतो. कॉलनीतल्या कुत्रीची दोन पिल्लं पार्वोने (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा साथीचा रोग) आजारी पडली. एक गेलं. दुसरं, ढब्बू, सलाईनवर राहून वाचलं. परवा घरी आणलं आणि अख्खा शनिवार मी त्याच्यापाशी होतो. थोडं थोडं भात आणि उकडलेलं चिकन, दर दोन-तीन तासांनी. रविवारी पहिल्यांदा त्याने माझ्या चपलेचा पट्टा चावला. मी चप्पल काढून त्यालाच दिली.

प्रश्न असा आहे. तो आजारी असताना अंगणात शी-उलटी झाली होती, वांगी-टोमॅटोच्या वाफ्यातही. काकू नवीन पिल्लू आणायचं म्हणतायत. माती बदलायची का? वर इतक्या अनुभवी माणसांनी लिहिलंय म्हणून विचारतो.

विजापूर रोड

ढब्बू वाचला हे वाचून फार बरं वाटलं. मैनाच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारलं, त्यांनी सांगितलेलं तसंच लिहिते.

पार्वोचा विषाणू चिवट असतो, सावलीतल्या ओल्या मातीत वर्षभरही टिकू शकतो. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवू नका. फरशी, पायऱ्या, खाण्याची भांडी आधी साबणाने धुवा, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुवून टाका. मातीवर ब्लीच ओतू नका. मातीतला विषाणू त्याने नीट मरत नाही आणि झाडं मात्र जातात. जिथे घाण झाली होती तिथली वरची वीतभर माती काढून लांब, कुत्री जाणार नाहीत अशा जागी पुरा, खड्ड्यात नवी माती भरा, वाफ्याला कडक ऊन मिळू द्या आणि त्याला तारेचं कुंपण घाला. भाजी खायला हरकत नाही, कुत्र्यांचा पार्वो माणसाला होत नाही. फक्त धुवून घ्या.

काकूंना सांगा, नवीन पिल्लू आत्ता नको. आणायचंच तर लसीकरण पूर्ण झालेलं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटची सोळा आठवडे झाल्यावर. मधला एखादा डोस घेऊन पिल्लू सुरक्षित झालं असं समजू नये. ढब्बूच्या शीतूनही काही आठवडे विषाणू बाहेर पडू शकतो, त्यामुळे त्याला कॉलनीतल्या इतर पिल्लांत सोडू नकोस, आणि तुझ्या चपला अंगणाबाहेर वेगळ्या ठेव. दिलीस ती सोडून.

वाफ्यासाठी चांगली माती लागली तर आमच्याकडे दोन पोती भरून ठेवलीत, रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. मैना घरात असेल, तू गेटच्या बाहेरच थांब, मी आणून देते.